हिरवे पाणी आणि मुके जीव

१९८८ सालच्या उन्हाळ्यात मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जे देण्याचे ते दिवस. म्हैस घेतली की तिच्या कानात विम्याचा बिल्ला बसे. म्हैस दगावली तर तो बिल्ला आणि पशुवैद्याचा दाखला हाती आल्याखेरीज दाव्याचा कागद पुढे सरकत नसे. मे महिन्यातील एका सकाळी बातमी आली, की एकाच वस्तीवरच्या दोन म्हशी आणि एक रेडकू दोन दिवसांत मेले. त्यांतील एक म्हैस आमच्या कर्जाची होती. मी सायकलने वस्तीवर गेलो. घरातली बाई एवढेच सांगत होती, "तळ्यावरनं पाणी पिऊन आली, दावणीला बसली ती उठलीच न्हाई, साहेब."

दाखल्यावर 'संशयित विषबाधा' असे लिहून आले. विषबाधा म्हटल्यावर विष कोणी घातले हा प्रश्न आपोआपच आला. शेजारच्या घराशी बांधावरून वाद होता, तो गावाला ठाऊक होता. मी माझ्या पाहणी-टिपणात 'शेजाऱ्याशी वैमनस्य असल्याचे समजते' असे एक वाक्य लिहिले. त्या वाक्याची कर्जाच्या कागदांना काही गरज नव्हती. पण ते लिहिले गेले, गावात कोणी तरी ते वाचले, आणि 'बँकेच्या साहेबांनीही तसेच लिहिले आहे' असे होऊन बसले. ती दोन घरे पुढे कित्येक वर्षे एकमेकांच्या दारात गेली नाहीत.

त्या दिवशी मी तळ्याकाठीही गेलो होतो. उन्हाळ्याने तळे आटून निम्म्यावर आले होते आणि वाऱ्याकडच्या काठाला पाण्यावर हिरवा, दाट थर साचला होता, कोणी ऑइल पेंटचा डबा उपडा करावा तसा. मी तो पाहिला आणि परत फिरलो.

त्या थराचा अर्थ मला कळायला पुढे चोवीस-पंचवीस वर्षे जावी लागली, आणि तो शिकवला आपल्या रंकाळ्याने. २०१० नंतरच्या काही वर्षांत रंकाळ्याचे पाणी कसे हिरवेगार झाले होते, हे कोल्हापूरच्या वाचकांना आठवत असेल. सकाळी फिरायला जाणारे आम्ही लोक नाकाला रुमाल लावून चालत असू. शालिनी पॅलेसच्या बाजूला गेले की पाणी दिसतच नसे. दिसे तो पोपटी लगदा. वर्तमानपत्रांत त्या वेळी एक अपरिचित नाव छापून येऊ लागले, 'मायक्रोसिस्टिस'. हे नील-हरित शैवाल असून त्याच्या काही प्रकारांत विष असते, असे अभ्यासक सांगत होते. दुर्गंधीबद्दल शहरात पुष्कळ बोलले गेले, पर्यटनाच्या हानीबद्दलही बोलले गेले. विषाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. आपण रंकाळ्याचे पाणी पीत नाही, हे त्याचे साधे कारण. पण म्हशी पितात, भटकी कुत्री पितात, पाखरे पितात.

म्हणून हा लेख. पशूंच्या पाण्याची चिंता आपल्या समाजाला नवी नाही. दुकानापुढे गायीसाठी पाण्याचा हौद बांधणारी आणि गच्चीवर पाखरांसाठी परळ भरून ठेवणारी घरे आपल्यात आजही आहेत. पण पाण्याच्या या एका दोषाविषयी आपली नेहमीची सावधगिरी उपयोगी पडत नाही, आणि ते प्रत्येक घराने जाणून घेतले पाहिजे असे मला वाटते.

प्रथम या जीवाची ओळख करून घेऊ. नावात शैवाल असले तरी शास्त्राच्या दृष्टीने हे जिवाणूंच्या कुळातले. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, म्हणून हिरवे. त्यात एक निळसर रंगद्रव्यही असते, म्हणून नील-हरित. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरण्याचे काम दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी याच कुळाने सुरू केले. भाताच्या खाचरात हवेतील नत्र जमिनीला मिळवून देणारे काही प्रकार यांतलेच, आणि औषधाच्या दुकानात शक्तिवर्धक म्हणून मिळणाऱ्या स्पिरुलिनाच्या गोळ्या ज्यापासून होतात, तेही याच घराण्यातले. म्हणजे सगळेच वाईट नाहीत. प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना ज्यांच्या विराधनेबद्दल आपण क्षमा मागतो, त्यांत शेवाळाचाही अंतर्भाव आहे, हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

अडचण होते ती त्यांची संख्या बेसुमार वाढली म्हणजे. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेचे अतिसूक्ष्म कप्पे असतात. त्यांच्या योगाने ते पाण्यात वर-खाली करू शकते. पाणी उबदार, वारा पडलेला, ऊन कडक अशा दिवशी ते सगळे वर येते आणि साय धरते. मग मंद वारा सुटला की ती साय ढकलली जाऊन एका काठाला गोळा होते. अख्ख्या तळ्यात पसरलेले विष अशा रीतीने चार हातांच्या काठावर एकवटते, आणि जनावर पाणी पिते ते काठावरच. त्यामुळे एकाच तळ्याच्या एका बाजूला पाणी प्यालेली गुरे सुखरूप राहतात आणि दुसऱ्या बाजूची मरतात. आज प्यालेली मरतात आणि उद्या त्याच जागी प्यालेल्यांना काही होत नाही, कारण वारा फिरलेला असतो. गावकऱ्यांना अशा वेळी माणसाचा संशय येतो, यात नवल नाही.

विषे मुख्यतः दोन तऱ्हेची. एक यकृतावर आघात करते. जनावर मलूल होते, चारा सोडते, हिरड्या आणि डोळ्यांच्या आतील भाग पांढरा पडतो, कधी रक्ती हगवण लागते, आणि काही तासांत ते दगावते किंवा एक-दोन दिवस तग धरते. जे वाचते त्याच्या अंगाला पुढे ऊन सोसत नाही. पांढऱ्या कातडीच्या भागावर फोड येतात. दुसरे विष मज्जासंस्थेवर जाते. लाळ गळते, स्नायू उडतात, झटके येतात आणि श्वास थांबतो. हे इतके जलद घडते की मालक पशुवैद्याला आणेपर्यंत काही उरत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. कुत्रे पाण्यात डुंबून बाहेर येते आणि अंग चाटते. केसांत अडकलेली साय अशी पोटात जाते. या विषांवर उतारा असे औषध नाही. पशुवैद्य लक्षणांवर उपचार करतात, तेवढेच.

हे सारे शास्त्रज्ञांना नवे नाही. १८७८ साली ॲडलेडचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराकाठी मेंढ्या, घोडे, कुत्री आणि डुकरे कशी मेली याचा वृत्तान्त 'नेचर' या नियतकालिकात दिला. दाट हिरव्या तैलरंगासारखा, काही इंच जाडीचा थर वाऱ्याने काठाला लागत होता, असे त्यांनी नोंदवले. तो थर एका मेंढीला पाजून त्यांनी खात्रीही करून घेतली. (ही रीत आपल्याला रुचणारी नाही, पण नोंद म्हणून सांगितले.) मी ते वर्णन वाचले तेव्हा १९८८ चे ते तळे डोळ्यांपुढे उभे राहिले.

अलीकडचे मोठे उदाहरण आफ्रिकेतील बोत्स्वाना देशाचे. २०२० च्या मे-जूनमध्ये ओकावांगो परिसरात तीनशेहून अधिक हत्ती मेलेले आढळले. सुळे जागच्या जागी होते, म्हणजे शिकाऱ्यांचे काम नव्हे. सप्टेंबरात तेथील सरकारने पाणवठ्यांतील नील-हरित जिवाणूंचे मज्जाघातक विष हे कारण जाहीर केले. काही शास्त्रज्ञांनी त्यावर शंकाही घेतल्या, कारण नमुने उशिरा आणि थोडे मिळाले होते. नमुना वेळेवर घेतला नाही तर असे होते. या मुद्द्याकडे पुन्हा येतो.

आता आपल्या घरच्या रीतीकडे. आपण पाणी गाळून पितो, गाळून उरलेली जिवाणी जेथले पाणी तेथेच सोडतो, पुष्कळ घरांत उकळलेलेच पाणी चालते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांपासून या नियमांनी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे रक्षण केले आहे. पण या विषापुढे गाळणे आणि उकळणे दोन्ही अपुरे पडते. फडक्यात शैवालाचे पुंजके काही प्रमाणात अडकतील; पाण्यात विरघळलेले विष आरपार जाईल. उकळल्याने तर उलटच होते. पेशी फुटून आतले विष पाण्यात मोकळे होते, आणि ते यकृतघातक विष उकळण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात इरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हे विष आढळले, तेव्हा चार लाखांवर लोकांना सूचना दिली गेली की पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कोणी म्हणेल, गायीसाठी हिरवे पाणी गाळून, तापवून, निववून ठेवू. तर ते करू नये. हिरवी साय धरलेले पाणी सोडून द्यावे आणि दुसरे आणावे, एवढाच मार्ग आहे.

दुधाचा प्रश्न कोल्हापुरात कोणी विचारणारच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणारे आपण लोक. ऑस्ट्रेलियात दुभत्या गायींना मर्यादित प्रमाणात हे शैवाल देऊन पाहिले, तेव्हा विष दुधात आढळण्याइतके उतरले नाही. तेव्हा दुधाची भीती घालण्याचे कारण नाही. धोका आहे तो म्हशीच्या जिवाला.

शैवाल मारून टाकले तर? मोरचूद टाकणे हा जुना उपाय. आपल्यापैकी ज्यांचे शेतीऔषधांचे दुकान आहे त्यांच्याकडे तो मागायला लोक येतात. पण साय धरलेल्या पाण्यात मोरचूद टाकला की सगळ्या पेशी एकदम फुटतात आणि सगळे विष एकदम पाण्यात येते. शिवाय मेलेले शैवाल कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. असे पाणी वरून स्वच्छ दिसते, आणि त्या दिवसांत ते अधिक घातक असते. गिऱ्हाइकाला मोरचूद देताना एवढे सांगणे दुकानदाराला जड नाही.

मग हे शैवाल एवढे माजते कशावर? याचे उत्तर १९७३ साली कॅनडात एका सरोवराने दिले. ऑन्टारियो प्रांतातील एक छोटे सरोवर, त्याला नाव नाही, नुसता क्रमांक: २२६. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरद घातलेला भाग हिरवा झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पाहिले की वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. आता थोडा हिशेब करू. बँकेतल्या माणसाची ही खोड जात नाही. डीएपी खताच्या ५० किलोंच्या पोत्यावर १८:४६ असे छापलेले असते. त्यातील ४६ टक्के म्हणजे २३ किलो हे स्फुरदाचे ऑक्साइड. त्यात मूळ स्फुरद भरते सुमारे १० किलो. एक किलो स्फुरद पाण्यात गेले तर त्यावर काही शे किलो ओले शेवाळ पोसते, असा ढोबळ हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. उसाला गरजेपेक्षा एक पोते जास्त पडले आणि वळवाच्या पावसात मातीबरोबर त्याचा काही भाग वाहून ओढ्यात गेला, तर ओढ्याखालच्या तळ्याच्या नावे किती जमा झाले, हे ज्याचे त्याने काढावे. रंकाळ्याच्या नावे जमा होत राहिले ते मुख्यतः सांडपाणी. आजूबाजूच्या वसाहतींचे नाले त्यात मिळत होते, वर कपडे आणि गाड्या धुण्याचे साबणपाणी. कपड्यांच्या पावडरीतही फॉस्फेट असते. स्वित्झर्लंडने १९८६ मध्येच त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती पावडरीत त्याला कडक मर्यादा घातली. आपल्याकडे फॉस्फेटविरहित पावडर मिळते, पण मागणारा नाही म्हणून ठोक व्यापारी ठेवत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही.

खत, साबण, पावडर हा व्यवहार आपल्या घराघरांत आहे. माझ्या सासुरवाडीचेही खताचे दुकान आहे, म्हणून मी हे परक्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. धंदा बंद करा असे म्हणणे वेडेपणाचे होईल. माती-परीक्षणाचा कागद पाहून पोती देणे मात्र दुकानदाराच्या हातात आहे. माझ्या मेहुण्याने ते सुरू केले, तेव्हा पहिल्या हंगामात दोन गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानी गेली. एक परत आले.

रंकाळ्याच्या मासळीला पाव आणि चुरमुरे टाकणाऱ्यांविषयीही लिहावे लागेल. चौपाटीवर भेळ घेऊन उरलेली पाण्यात टाकणारे वेगळे. मी बोलतो आहे ते जीवदयेच्या भावनेने थैलीभर खाद्य घेऊन येणाऱ्यांबद्दल. माशांनी न खाल्लेले तळाशी कुजते, त्यातील नत्र-स्फुरद शैवालाला मिळते, आणि साय वाढली की पहाटेच्या वेळी पाण्यात प्राणवायू उरत नाही. गुदमरतात ते त्याच माशांचे जीव. दोन मुठींनी तळे बिघडत नाही हे खरे. पण दोन मुठी टाकणारे किती, तेही पाहावे.

बिघडलेले पाणी सुधारतच नाही, असे नाही. अमेरिकेत सिॲटल शहराजवळचे वॉशिंग्टन सरोवर सांडपाण्याने असेच शैवालमय झाले होते. लोकांनी खर्च सोसून १९६३ ते १९६८ या काळात सगळे सांडपाणी दुसरीकडे वळवले, आणि काही वर्षांत पाण्याचा तळ पुन्हा दिसू लागला. शैवाल मारावे लागले नाही, त्याचे जास्तीचे खाद्य थांबले. रंकाळ्यातही नाले अडवण्याची कामे झाली आहेत, पाणी पूर्वीपेक्षा बरे आहे. तरी उन्हाळा आला की माझी नजर अजून पश्चिमेच्या काठाला जाते. तळाच्या गाळात साठलेले स्फुरद एका वर्षात संपत नाही.

शेवटी घरगुती परीक्षा सांगतो. तिला प्रयोगशाळा लागत नाही. हातात रबरी मोजे घालावेत. एक काठी हिरव्या पाण्यात घालून वर काढावी. काठीला केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा ते साधे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी माखली तर सावध व्हावे. दुसरी परीक्षा काचेच्या बरणीची. बरणी पाऊण भरून, झाकण लावून, रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी हिरवा थर तळाशी बसलेला असेल तर चिंता कमी. तो वर तरंगून काठाला कडे धरून असेल तर नील-हरित शैवाल असण्याचा संभव मोठा. विषारी की बिनविषारी हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून असे पाणी विषारीच समजून जनावरांना त्यापासून दूर बांधावे. ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात घेऊ नये, हे गृहिणींना सांगायला नको.

आणि जनावर दगावलेच, तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय पथकाला कळवावे, आणि त्याच दिवशी, त्याच काठाचे पाणी बाटलीत भरून, अंधारात व गारव्यात ठेवून पशुवैद्यांच्या स्वाधीन करावे. पुण्याला औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे. पुढचा मार्ग ते दाखवतात. दोन दिवसांनी भरलेल्या बाटलीचा उपयोग नसतो, वारा फिरलेला असतो. १९८८ च्या त्या तळ्याचे पाणी कोणी भरून ठेवले नव्हते, त्यामुळे तेथे खरोखर काय झाले ते मला आज सांगता येत नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्या वस्तीवर जाऊन आलो. शेजारच्या घरातील वडील वारले होते. त्यांच्या मुलाला मी हे सगळे सांगितले, माझ्या टिपणातल्या वाक्यासह. त्याने ऐकून घेतले, चहा दिला, आणि तळे आता बुजवले आहे असे सांगितले.

आपल्या हौदांविषयी एक विनंती. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी पुसली जाते आणि हौदाच्या भिंती हिरव्या राहतात, असे मी तीन ठिकाणी पाहिले. भिंतीवरचे शेवाळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, पण कोणते निरुपद्रवी हे गायीला कळत नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी हौद रिकामा करून काथ्याच्या ब्रशाने घासावा, शक्य तर वर पत्र्याची सावली करावी, आणि घासल्याची तारीख खडूने बाहेरच्या बाजूला लिहावी. आमच्या गल्लीतील हौदावर मागच्या रविवारची तारीख आहे. पुढची पाळी माझी.